सर नसलेला वर्ग

शनिवारी दुपारी जुहरची नमाज आणि जेवण उरकलं की माझ्या बहिणीच्या घरी पुढच्या खोलीचं दार लोटलं जातं. आत माझी भाची लॅपटॉप उघडून बसते. दोन वाजून पाच मिनिटांनी तिचा आवाज ऐकू येऊ लागतो, मग एका मुलाचा, मग आणखी दोघी-तिघींचा. मध्येच हसणं, मध्येच एकदम शांतता. बाहेर आपा तांदूळ निवडत बसलेली असते आणि दुलाभाई पेपरमधून मान वर करून दाराकडे बघत असतात. एका शनिवारी मी तिथे होते. न राहवून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही शाळेत गणित शिकवता. हे काय चालतं ते सांगा बरं. क्लास आहे म्हणते, पण यांचे सर कोण?"

मी आत जाऊन विचारून आले. सर कुणीच नव्हते.

भाची संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते, शेवटचं वर्ष. तीन वेगवेगळ्या विद्यापीठांतली अकरा मुलं-मुली दर शनिवारी दीड तास ऑनलाइन एकत्र येतात. त्यांतले तिघं पीएच.डी. करणारे, बाकीचे हिच्यासारखे. दर आठवड्याला एकजण एखादा संशोधन लेख वाचून तो बाकीच्यांना समजावून सांगतो, किंवा स्वतः जे काम करतोय ते मांडतो. ऐकणाऱ्यांनी मध्येच थांबवायचं, विचारायचं, अडवायचं. याला ते "सेमिनार" म्हणतात. पाळी कुणाची हे एका वहीत लिहिलेलं असतं आणि ती वही सध्या माझ्या भाचीकडे आहे. प्राध्यापकांना हे माहीत आहे, पण ते येत नाहीत. म्हणजे मुलांनीच त्यांना येऊ नका असं सांगितलंय, अदबीनं.

दुलाभाईंचे पुढचे प्रश्न सरळ होते. फी किती? नाही. सर्टिफिकेट मिळतं? नाही. मार्क? तेही नाही. "मग?" असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. त्यांचं गॅरेज आहे. शनिवार हा त्यांच्या धंद्याचा दिवस, आणि मुलगी हिशेबाच्या वह्यांत दोन तास मदत करील ही त्यांची अपेक्षा काही वावगी नव्हती. "मग?" या त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी येऊन थोडं वाचलं, भाचीला खोदून खोदून विचारलं, आणि दोन शनिवार तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

पहिली गोष्ट अशी कळली की हा प्रकार नवा नाही आणि आपल्या देशाला तर अजिबातच नवा नाही. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केली. प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका खोलीतून सुरू झालेली ही संस्था. १९५९ साली तिथे मद्रासहून श्रीनिवास वरधन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. कारखान्यातल्या मालाच्या दर्जाचं संख्याशास्त्र शिकावं आणि उद्योगात नोकरी धरावी एवढाच त्याचा बेत होता. पण तिथे त्याला पार्थसारथी आणि रंगा राव हे थोडे मोठे विद्यार्थी भेटले आणि तो संभाव्यतेच्या शुद्ध गणिताकडे वळला. त्यांचे मार्गदर्शक होते सी. आर. राव, जगात नाव असलेले संख्याशास्त्रज्ञ. पण ही मुलं ज्या विषयात शिरली होती तो रावांचा विषय नव्हता. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून ती एकमेकांना शिकवू लागली. एकानं पुस्तक वाचायचं, फळ्यावर मांडायचं, दुसऱ्यानं अडवायचं. त्यांच्याच गोटातले, आधी अमेरिकेला गेलेले वरदराजन १९६२ मध्ये परतले ते नवं गणित सोबत घेऊन, आणि मग त्याचीही व्याख्यानं सुरू झाली. १९६३ मध्ये पार्थसारथी, रंगा राव आणि वरधन या तिघांचा मिळून लिहिलेला लेख अमेरिकेतल्या एका गणिताच्या नियतकालिकात छापून आला. पुढे २००७ मध्ये वरधन यांना आबेल पुरस्कार मिळाला. गणितात नोबेल नाही, त्याच्या तोडीचा म्हणून जो मानला जातो तो हा. पार्थसारथी सत्तरच्या दशकात काही वर्षं आपल्या मुंबई विद्यापीठातही शिकवून गेले.

यातला एक किस्सा मी भाचीला वाचून दाखवला, कारण तो तिच्या उपयोगाचा होता. १९६२ मध्ये रशियाचे कोल्मोगोरोव्ह कोलकात्याला आले. आजच्या संभाव्यताशास्त्राचा पाया ज्यांनी घातला ते हे. वरधन यांना त्यांच्यासमोर आपलं काम मांडायचं होतं. बोलण्याच्या भरात वेळेचं भान राहिलं नाही आणि व्याख्यान बरंच लांबलं. ते संपल्यावर कोल्मोगोरोव्ह काही सांगायला उठले, तर कंटाळलेली काही मंडळी उठून चालू लागली. पाहुण्यांनी हातातला खडू टाकला आणि ते तरातरा खोलीबाहेर निघून गेले. वरधन यांच्या मनात आलं, गेली आपली पीएच.डी. संस्थेच्या थोरांनी मागे धावत जाऊन मनधरणी केली आणि प्रकरण निभावलं. पुढे कोल्मोगोरोव्ह यांनी या प्रबंधाबद्दल उत्तम अभिप्राय दिला, पण तो येईपर्यंत त्या मुलाचे दिवस कसे गेले असतील! वरधन यांनी हा प्रसंग पुढे स्वतःच सांगितला आहे. भाची ऐकून गंभीर झाली. "आमच्याकडे घड्याळ लावायला कुणी नसतं," एवढंच म्हणाली.

कोलकात्याच्या याच संस्थेत काझी मोताहार हुसेन हे गृहस्थ शिकून गेले होते. आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल. जन्म १८९७ चा, आज बांगलादेशात असलेल्या कुष्टिया भागातला. ढाका विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवत. तिथले सत्येंद्रनाथ बोस, तेच ते आइन्स्टाइनबरोबर नाव जोडलं गेलेले बोस, यांच्या प्रोत्साहनानं ते चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी झाले आणि कोलकात्याला जाऊन संख्याशास्त्र शिकले. परत येऊन त्यांनी ढाक्याला हा विषय रुजवला, तिथे संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला, आणि स्वतःची डॉक्टरेट केली ती पन्नाशी ओलांडल्यावर. बुद्धिबळात ते नावाजलेले, बंगालीतले चांगले लेखक, कवी नजरुल इस्लाम यांचे जिवलग मित्र. दोन विद्यापीठांमधलं येणं-जाणं एका विषयाला कसं जन्म देतं याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. त्या काळी त्यासाठी आगगाडी आणि बोट लागायची. आता लॅपटॉप पुरतो, हे खरं तर आपल्या मुलांचं भाग्य आहे.

बाहेरच्या देशांत विद्यार्थ्यांनी चालवलेले असे उपक्रम बरेच आहेत. ब्रिटनमध्ये संख्याशास्त्राचे संशोधक विद्यार्थी दरवर्षी स्वतःची परिषद भरवतात, आणि यजमान विद्यापीठ दर वेळी वेगळं असतं. बर्लिनमध्ये तीन विद्यापीठांची मिळून गणिताची एक शाळा आहे. तिथे बाहेरून मोठा पाहुणा व्याख्यानाला यायचा असला की त्याच्या आधी एखादा विद्यार्थी उठून पाहुण्याच्या विषयातली मुख्य कल्पना बाकीच्यांना सोप्या भाषेत सांगतो. या मालिकेचं नावच "म्हणजे काय?" अशा अर्थाचं आहे. मला ही रीत फार आवडली. मोठ्या माणसाचं भाषण ऐकून माना डोलावणारे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी निम्म्यांना काय चाललंय ते कळत नसतं आणि विचारायची लाज वाटते. आपल्या मराठी सभांमध्ये तर ही लाज जास्तच, आणि मुलींमध्ये आणखी जास्त.

आता भाचीच्या सेमिनारात मी काय पाहिलं ते सांगते.

पहिल्या शनिवारी साताऱ्याकडच्या एका मुलानं पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामावर बोलायचं ठरवलं होतं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९४०च्या दशकात देशात अन्नधान्य किती पिकतं याचा अंदाज बांधण्यावरून त्यांचा आणि महालनोबिसांचा मोठा वाद झाला. शेतातला एक छोटा तुकडा आखायचा, तेवढ्याच पिकाची कापणी करून वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या भागाचं पीक ठरवायचं, ही रीत दोघांनाही मान्य होती. प्रश्न तुकडा केवढा असावा हा होता. महालनोबिसांच्या मते लहान तुकडा चालेल, पैसा आणि वेळ वाचतो. सुखात्मे म्हणत, लहान तुकड्यात पीक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते आत धरतो. तुकडा जेवढा लहान तेवढा त्यात कडेचा वाटा मोठा. हे ऐकताना मला हसू आलं, कारण कापडाचा तुकडा मोजून घेताना आमची आपा नेमकं हेच करते.

बोलणाऱ्या मुलाला एका मुलीनं विचारलं, "पण हा दोष सगळीकडे सारखाच असेल, तर या वर्षीचं पीक गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, एवढं तर लहान तुकड्यानंही कळेल ना?" तो गडबडला. मग सगळे मिळून वीस मिनिटं भांडले. उत्तर काय निघालं ते मला पूर्ण कळलं नाही, पण असं भांडण मी माझ्या कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं. आमच्या वेळी "स्टुडंट्स टी टेस्ट" हे नाव ऐकून ही विद्यार्थ्यांची कसली तरी परीक्षा असावी असं मला वर्षभर वाटत होतं. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या गॉसेट नावाच्या माणसानं १९०८ मध्ये "स्टुडंट" हे टोपणनाव घेऊन तो लेख छापला होता, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसरा शनिवार भाचीचा होता.

तिच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय मुलींच्या शाळागळतीचा. माहिती तिनं स्वतः गोळा केलेली नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीची शिक्षणावरची ७५वी फेरी २०१७-१८ साली झाली. तिची मूळ आकडेवारी संशोधकांना मिळते. त्या पाहणीत देशभरातली १,१३,७५७ कुटुंबं होती. ६४,५१९ खेड्यांतली आणि ४९,२३८ शहरांतली. भाचीनं त्यातून आपल्या भागापुरती कुटुंबं वेगळी काढली, आर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हिशेब केले आणि निष्कर्ष काढला की आपल्याकडे गळती राज्याच्या सरासरीपेक्षा कमी आहे. तक्ते सुंदर होते. रंगीत आलेख होते. अहवाल द्यायला बारा दिवस राहिले होते.

अर्धा तास सगळं सुरळीत चाललं. मग विदर्भातला एक मुलगा, तो मोबाइलवरून एस.टी. स्टँडवर बसून ऐकत होता आणि मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते, म्हणाला, "एक मिनिट. मल्टिप्लायर कुठे आहे?"

भाची गप्प. तो पुन्हा म्हणाला, "तू सरळ सरासरी काढलीस का?"

हा मल्टिप्लायर म्हणजे काय ते मी नंतर समजून घेतलं. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण ती जमते कारण भात सारखा हललेला असतो. दमच्या बिर्याणीच्या देगेतून वरचं एक शीत उचलून खाली काय शिजलंय ते सांगता येत नाही, कारण तिथे थर असतात. देशालाही थर आहेत, खेडं आणि शहर हा त्यांतला मोठा. वर दिलेले आकडे पुन्हा पाहा. पाहणीतल्या कुटुंबांपैकी सुमारे ४३ टक्के शहरी आहेत. पण २०११ च्या जनगणनेनुसार देशात शहरांत राहणारी माणसं ३१ टक्के. म्हणजे पाहणीत शहराला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त जागा मिळाली आहे. ते मुद्दाम केलेलं असतं, त्यात चूक नाही. म्हणून तर प्रत्येक कुटुंबापुढे एक आकडा दिलेला असतो की हे एक घर खऱ्या जगातल्या किती घरांच्या वतीनं बोलतंय. तो आकडा न गुणता सरळ सरासरी काढली तर शहराचा आवाज मोठा आणि खेड्याचा बारीक ऐकू येतो.

समजायला सोपं म्हणून एक कल्पित हिशेब देते. एका तालुक्यात खेड्यांत ९,००० कुटुंबं आणि गावठाणात १,०००. दोन्हीकडून शंभर-शंभर घरं पाहिली. खेड्यांत २० घरांतली मुलगी शाळा सोडून बसलेली, गावठाणात ५ घरांतली. दोनशे घरांत पंचवीस, म्हणजे साडेबारा टक्के असं म्हणून आपण वही मिटली. पण खेड्यांतली खरी घरं १,८०० आणि गावठाणातली ५० धरली तर ती होतात दहा हजारांत १,८५०, म्हणजे साडेअठरा टक्के. त्या दोन आकड्यांच्या मधे सहाशे घरांतल्या मुली आहेत.

मुलगा हे सगळं सांगत होता तेव्हा भाचीचा चेहरा उतरत गेला. बाकीच्यांनी कुणी टोमणा मारला नाही. जळगावकडची एक मुलगी म्हणाली, "मीही गेल्या वर्षी हेच केलं होतं, माझं तर गाइडनंही पाहिलं नाही." बैठक संपली. भाचीनं लॅपटॉप मिटला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "खाला, मी दोन महिने चुकीचे आकडे कुरवाळत बसले होते."

दुलाभाई दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं की शेवटचं एवढंच, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, "कुणी काही बोललं का तुला?" तिनं मान हलवली. मग तिनंच त्यांना समजावलं, बापाच्या भाषेत. समजा एका गाडीचं बिल केलं, पार्ट सगळे बरोबर लिहिले, पण किती नग ते लिहायलाच विसरलो, आणि बिल ग्राहकाच्या हातात जायच्या आधी दुकानातल्या पोऱ्यानं ते दाखवलं. दुलाभाई थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पोऱ्या हुशार आहे."

त्यानंतरचे बारा दिवस त्या घरात काय चाललं होतं ते मला फोनवरून कळत होतं. नव्यानं हिशेब केला तर निष्कर्ष उलटा आला. गळती राज्याच्या सरासरीपेक्षा कमी नव्हती, जास्त होती. आता दुसरी अडचण पुढे आली. तिच्या भागातली पाहणीत आलेली कुटुंबं मुळात मोजकीच. ही पाहणी राज्याचं चित्र दाखवायला आखलेली असते. एकेका तालुक्याबद्दल तिच्यावरून छातीठोक बोलता येत नाही. यावरही संख्याशास्त्रात उपाय आहे आणि तो त्याच मुलांपैकी एकीनं तिला सुचवला. १९७९ मध्ये फे आणि हेरियट या दोन अमेरिकनांनी लहान गावांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी जी पद्धत मांडली, तिचं सार शेजारधर्माचं आहे. आपल्या घरात विरजण कमी असेल तर शेजारून उसनं आणायचं. तसंच एखाद्या गावाची माहिती तुटपुंजी असेल तर सारख्या परिस्थितीतल्या दुसऱ्या गावांच्या माहितीचा आधार घ्यायचा. मात्र किती घ्यायचा ते मोजून. स्वतःची माहिती भरपूर असेल तर कमी, नसेल तर जास्त. बारा दिवसांत हे सगळं होण्यासारखं नव्हतं. तिनं अहवालात निष्कर्ष दुरुस्त केला, अंदाज किती ढिला आहे ते स्पष्ट लिहिलं आणि पुढचं काम काय करायला हवं याचं एक पान जोडलं. तिच्या गाइड मॅडमनी त्या पानावर तिला पीएच.डी.चं विचारलं.

ते पुढे होईल की नाही ते अजून ठरलेलं नाही. घरात बोलणी चालू आहेत. पीएच.डी. म्हणजे चार-पाच वर्षं, आणि आपाच्या मनात दुसरेही हिशेब आहेत. मी माझं मत दिलं आहे. दुलाभाईंनी आपलं अजून दिलेलं नाही. पण शनिवारच्या गॅरेजच्या वह्या आता रविवारी सकाळी लिहिल्या जातात, हा बदल त्यांनीच केला.

काही वाचकांच्या घरी अशी मुलं असतील म्हणून भाचीला विचारून दोन गोष्टी लिहिते. सुरुवातीला चारजण पुरतात. दिवस आणि वेळ बदलायची नाही, पाळी आली की टाळायची नाही. बोलणाऱ्यानं न समजलेला भागही "हे मला समजलं नाही" म्हणून मांडायचा. पहिले दोन महिने मराठीत बोललं तरी बिघडत नाही. तिच्या गटात तर शब्द इंग्रजी आणि भांडण मराठी असंच चालतं. एखाद्या प्राध्यापकाला सांगून ठेवावं, म्हणजे अगदीच अडलं तर विचारायला जागा राहते. आणि मुलांनी एकमेकांच्या चुका बाहेर सांगायच्या नाहीत, हे तिनं दोनदा बजावलं. मग मी तिची चूक इथे लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, माझी लिही, मल्टिप्लायर तरी लोकांना कळेल.

येत्या शनिवारी एस.टी. स्टँडवरच्या त्या मुलाची पाळी आहे. वेळ राखायचं काम भाचीकडे आलंय. काल ती माझ्याकडे आली आणि ओट्यावरचं अंडी उकडताना लावायचं घड्याळ मागून घेऊन गेली.